किनाऱ्यावरचे रात्रीचे पाहुणे

[कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद या बेटावर दरवर्षी हजारो समुद्रकासवे अंडी घालण्यासाठी येतात. एके काळी त्यांची हत्या होत असे. आज तेथील गावकरीच त्यांचे रक्षण करतात. हे परिवर्तन कसे घडले, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.]

वेस्ट इंडीज हे नाव आपल्याला प्रामुख्याने क्रिकेटमुळे परिचित आहे. १९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने वेस्ट इंडीजच्या संघावर कसोटी सामन्यात पहिला विजय मिळविला, आणि त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. हा सामना ज्या नगरीत झाला, तिचे नाव पोर्ट ऑफ स्पेन. ही नगरी त्रिनिदाद बेटावर वसलेली आहे. त्रिनिदाद आणि त्याच्या ईशान्येस असलेले टोबॅगो हे लहान बेट मिळून आज एक स्वतंत्र राष्ट्र झाले आहे. १९६२ साली ते ब्रिटिश सत्तेतून मुक्त झाले.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हे बेट अगदी जवळ आहे. ज्या ठिकाणी अंतर सर्वांत कमी आहे, तेथे ते केवळ ११ किलोमीटर भरते. बेटाच्या उत्तर भागात पूर्वपश्चिम पसरलेली एक डोंगरांची रांग आहे. तिच्या उतारांवर घनदाट अरण्य आहे आणि पायथ्याशी निळा समुद्र आहे. डोंगर आणि सागर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत नारळांच्या सावलीत पहुडलेल्या वाळूच्या लहान लहान पुळणी आहेत. आपल्या कोकणचे चित्र ज्याने पाहिले आहे, त्याला हे दृश्य परके वाटणार नाही.

सुट्टीच्या दिवशी बेटावरील माणसे मराकास नावाच्या उपसागराकाठी जमतात. मुले लाटांशी खेळतात, वडीलधारी मंडळी झाडाच्या सावलीत निवांत पडून राहतात. तेथे कोणालाही घाई नसते. समुद्रस्नानानंतर भूक कडकडून लागते, आणि मग पावले आपोआप जवळच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांकडे वळतात. तेथील सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे ‘बेक अँड शार्क’. बेक म्हणजे पिठाची तळून फुगविलेली जाड पोळी. ती मधोमध चिरून तिच्यात मसाला लावून तळलेला मासा घालतात. शार्क नको असेल, तर सुरमईच्या जातीचा मासाही मिळतो. त्यावर चिंचेची चटणी, लसणीची चटणी आणि ‘शाडो बेनी’ नावाच्या, कोथिंबिरीसारखा वास असलेल्या पाल्याची हिरवी चटणी ज्याने त्याने आपल्या रुचीप्रमाणे घालून घ्यावयाची असते. सोबतीला शहाळ्याचे पाणी असले, म्हणजे आणखी काही हवेसे वाटत नाही.

या बेटावरील काही पदार्थांची नावे ऐकून मात्र आपण चकित होतो. दालपुरी, चना, आलू, फुलौरी हे शब्द इतक्या दूरच्या देशात कोठून आले? त्यामागे एक कष्टाचा इतिहास आहे. १८४५ साली मे महिन्याच्या ३० तारखेस ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून त्रिनिदादला पोहोचले. त्यात सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर होते. उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारावर त्यांना नेण्यात आले होते. पुढे १९१७ सालापर्यंत अशी अनेक जहाजे येत राहिली. त्यांतील बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांतील होते. त्यांचे वंशज आज बेटाच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक आहेत. दोन मऊ, तळलेल्या ‘बारां’मध्ये रसदार हरभरे घालून तयार होणारा ‘डबल्स’ हा पदार्थ आता तेथील सर्वच लोक सकाळच्या न्याहारीला आवडीने खातात. पराठा तव्यावर दोन्ही बाजूंनी ठोकून त्याचे लक्तरांसारखे तुकडे करतात. त्यास तेथील बोलीत ‘बस-अप-शट’, म्हणजे ‘फाटका सदरा’, असे गमतीदार नाव आहे!

अशा या खवय्यांच्या बेटावर एके काळी आणखी एक पदार्थ अनेक घरांतून शिजत असे. तो म्हणजे समुद्रकासवाचे मांस. ज्या प्राण्याचे हे मांस असे, त्याची ओळख करून घेण्यासाठी आपल्याला मराकासची गजबज सोडून बेटाच्या ईशान्य कोपऱ्याकडे जावे लागेल.

डोंगर आणि अरण्य यांतून वळणे घेत जाणारा रस्ता ग्रांद रिव्हिएर नावाच्या लहानशा गावी येऊन पोहोचतो. या फ्रेंच नावाचा अर्थ ‘मोठी नदी’. गावाजवळ ही नदी समुद्राला मिळते. आसपास कोकोच्या जुन्या बागा आहेत. गावाची पुळण लांबीने एक किलोमीटरही भरत नाही. दिवसा ती इतर कोणत्याही पुळणीसारखीच दिसते. परंतु मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत तेथे अंधार पडला, म्हणजे दुसरेच दृश्य दिसू लागते.

लाटांच्या पांढऱ्या फेसातून एक काळा, प्रचंड आकार हळूहळू वर येतो. तो पुढे सरकतो, थांबतो, दीर्घ सुस्कारा टाकतो आणि पुन्हा सरकतो. ही असते लेदरबॅक जातीच्या समुद्रकासवाची मादी. लेदरबॅक म्हणजे चर्मपृष्ठ. इतर समुद्रकासवांच्या पाठीवर कठीण कवच असते. हिची पाठ मात्र चामड्यासारख्या चिवट, काळ्या त्वचेने आच्छादलेली असते आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या उंचवट्याच्या सात रेषा असतात. जगातील सर्व कासवांत हे कासव सर्वांत मोठे. त्याची लांबी दोन मीटरपर्यंत जाऊ शकते आणि मोठ्या मादीचे वजन तीनशे ते पाचशे किलोग्रॅम असते. पाण्यात हा प्राणी अत्यंत चपळ असतो. एक हजार मीटरहूनही अधिक खोल बुडी तो मारू शकतो. त्रिनिदादच्या वाळूत अंडी घालून गेलेल्या माद्या थेट कॅनडाजवळच्या थंड समुद्रापर्यंत पोहोचल्याचे संशोधकांना आढळून आले आहे. भोवतालच्या पाण्यापेक्षा आपले शरीर अधिक उष्ण राखण्याची शक्ती या जातीत असल्यामुळेच हे शक्य होते. एवढा विशाल देह पोसण्यासाठी हे कासव खाते काय, तर मुख्यतः पिळपिळीत जेलीफिश!

सागरात स्वच्छंद विहार करणारी ही मादी जमिनीवर मात्र अगदी असहाय असते. तिचे पाय चालण्यासाठी नाहीत, ते वल्ह्यासारखे आहेत. इतर काही कासवांप्रमाणे तिला मान आत ओढून घेता येत नाही. तरीही आपला जड देह ओढीत ती भरतीच्या रेषेपलीकडे येते. पुढच्या पायांनी ती वरची कोरडी वाळू दूर सारते. त्यानंतर मागच्या पायांनी खोदकाम सुरू होते. एक पाय ओंजळीसारखा वाकवून ती वाळू उचलते आणि अलगद बाजूला ठेवते. मग दुसरा पाय तेच काम करतो. जेथे ती स्वतः पाहूही शकत नाही, अशा जागी हे सारे चाललेले असते. तिचा पाय पोहोचेल तितका खोल खड्डा तयार झाला, म्हणजे ती त्यात अंडी घालते. बलक असलेली सुमारे ऐंशी अंडी आणि त्यांबरोबर बलक नसलेली काही लहान अंडी एका वेळी घातली जातात. नंतर खड्डा बुजवून ती आसपास सर्वत्र वाळू उधळते. शत्रूला नेमकी जागा कळू नये, हा त्यातील हेतू. या सर्व कार्यास दीड ते दोन तास लागतात. एकाच हंगामात सुमारे दहा दिवसांच्या अंतराने ती अनेकदा किनाऱ्यावर येते आणि मग दोन-तीन वर्षांनीच पुन्हा दर्शन देते.

या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते. ते पाहून लोकांना वाटते, की ही माता आपल्या पिलांसाठी रडत आहे. वस्तुतः समुद्राच्या पाण्याबरोबर शरीरात गेलेले जास्तीचे मीठ डोळ्यांजवळील ग्रंथींतून ती बाहेर टाकीत असते. परंतु तिला रडण्याचे कारण नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही.

वाळूवर आलेली मादी पळू शकत नाही, लढू शकत नाही. त्यामुळे कोयता हाती असलेल्या कोणत्याही माणसाला ती सहज सापडे. मांसासाठी तिला मारीत, अंडी उकरून नेत, आणि उरलेला सांगाडा तेथेच टाकून देत. पूर्वेकडील मातुरा नावाच्या पुळणीवर १९८० नंतरच्या दशकात अशा मृत कासवांची दुर्गंधी पसरलेली असे. मारणारे लोक दुष्ट होते, असे समजू नये. गावात रोजगार कमी होता, आणि समुद्र जे देतो ते घ्यावयाचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. एक मादी मारली, म्हणजे तिच्यापासून पुढे होणारी शेकडो पिल्लेही आपण नाहीशी करतो, हा हिशेब कोणी केलेला नव्हता.

१९९० साली शासनाने मातुराची पुळण कासवांच्या हंगामापुरती संरक्षित म्हणून घोषित केली. परवान्यावाचून रात्री तेथे कोणी जाऊ नये, असा नियम झाला. परंतु अंधाऱ्या, लांबलचक किनाऱ्यावर केवळ कागदावरील नियमाने काय साधणार? त्याच वर्षी गावातील काही लोकांनी एकत्र येऊन ‘नेचर सीकर्स’ नावाची संस्था स्थापन केली. सुझान लखन बाप्तिस्त या तरुणीने या कार्यास वाहून घेतले. तिने व तिच्या सहकाऱ्यांनी रात्रीमागून रात्री किनाऱ्यावर पहारा केला. शिकार करणारे कोणी परके नव्हते, ते तिच्याच गावचे लोक होते. त्यांना अडविताना वाद होत, धमक्या मिळत. ‘कासववेडी बाई’ म्हणून तिची टवाळीही झाली. तथापि ती मागे हटली नाही. बळाने माणसे तात्पुरती थांबतात, पण मन वळविले, म्हणजे ती कायमची आपली होतात, हे तिने ओळखले होते.

मन वळविण्यासाठी केवळ उपदेश पुरेसा नव्हता. ज्याच्या चुलीवर भांडे रिकामे आहे, त्याला उपजीविकेचे दुसरे साधनही दाखवावे लागते. कासवे पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येऊ लागले, तेव्हा त्यांना वाट दाखविणारे मार्गदर्शक गावातूनच निवडण्यात आले. किनाऱ्यावर येणाऱ्या कासवांची नोंद ठेवणे, त्यांच्या अंगावर ओळखखूण बसविणे ही कामे गावकऱ्यांना शिकविण्यात आली. लाटांबरोबर वाहून आलेल्या काचेच्या बाटल्यांपासून मणी करून त्यांचे दागिने विकण्याचा उद्योगही सुरू झाला. मारलेल्या कासवाचे मांस एकदाच विकता येते; जिवंत कासव मात्र वर्षानुवर्षे गावाला अन्न देते, ही गोष्ट लोकांना अनुभवाने पटली. २००९ साली सीएनएन या अमेरिकन वृत्तवाहिनीने सुझान लखन बाप्तिस्त यांच्या कार्याचा गौरव केला. त्यांच्या कष्टांचे चीज झाले. ग्रांद रिव्हिएरची पुळणही १९९७ साली संरक्षित करण्यात आली, आणि २०११ साली संपूर्ण देशात समुद्रकासवांच्या शिकारीवर बंदी आली. तोवर वर्षातील काही महिने ही शिकार कायदेशीर होती!

आता हंगामात या पुळणीवर रात्री पाऊल ठेवावयाचे, तर परवाना आणि मार्गदर्शक दोन्ही हवेत. पांढऱ्या प्रकाशाचे दिवे चालत नाहीत; मार्गदर्शकाजवळ मंद तांबडा दिवा असतो. मादी पाण्यातून वर येत असताना तिच्या वाटेत कोणी जाऊ नये, कारण थोडीशी चाहूल लागली, तरी ती अंडी न घालताच परत फिरते. अंडी घालू लागल्यावर मात्र ती जणू समाधी लागल्याप्रमाणे स्वस्थ होते, आणि त्या वेळी मागच्या बाजूने, न बोलता, तिला जवळून पाहता येते. दिवसा ज्यांनी मनसोक्त खाल्ले, पाण्यात दंगा केला, तीच माणसे रात्री श्वास रोखून वाळूवर उभी असतात. विश्रांती म्हणजे केवळ झोपणे व खाणे नव्हे. दुसऱ्या एखाद्या जिवाचे काम चालले असता आपण स्तब्ध उभे राहणे, यातही मोठी विश्रांती आहे, हे त्यांना तेव्हा कळते.

सुमारे साठ दिवसांनी वाळू हलू लागते, आणि तळहाताएवढी काळी पिल्ले एकामागून एक बाहेर पडतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असते. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या, आणि थोडी थंड असेल तर नर जन्मास येतात. पृथ्वीचे तापमान वाढत असल्यामुळे शास्त्रज्ञांना याचीही चिंता वाटते. बाहेर पडताच पिल्ले अधिक उजळ दिसणाऱ्या दिशेकडे धावतात. पूर्वी ती दिशा नेहमीच समुद्राची असे. आता मागे उपाहारगृहाचे दिवे झगमगत असतील, तर ती भलत्याच वाटेला लागतात. दिवस उजाडल्यावर निघालेल्या पिलांवर काळी गिधाडे आणि भटकी कुत्री टपलेली असतात. समुद्रात मोठे मासे असतात. या सर्वांतून पार पडून प्रौढ होण्याचे भाग्य हजारात एखाद्यालाच लाभते.

आणि एवढ्यावरही संकटे संपत नाहीत. पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी हुबेहूब जेलीफिशसारखी दिसते. कासव ती गिळते आणि प्राणास मुकते. त्रिनिदादच्या समुद्रात मासेमारीसाठी पाण्यात पडद्यासारखी जाळी सोडतात. तिच्यात अडकलेल्या कासवाला श्वास घेण्यासाठी वर येता येत नाही, आणि ते बुडून मरते. यात मच्छीमाराचेही नुकसान होते, कारण एवढ्या मोठ्या प्राण्याच्या धडपडीने त्याचे जाळे फाटून जाते. म्हणून दोघेही वाचतील अशी मासेमारीची पद्धत शोधण्याचे प्रयत्न तेथे झाले आहेत. तरीही वायव्य अटलांटिक महासागरातील लेदरबॅक कासवे २०१९ सालच्या पाहणीत धोक्यात असलेल्यांच्या यादीत गणली गेली. किनाऱ्यावरील लढा पुष्कळ अंशी जिंकला, परंतु समुद्रातील लढा अजून चालूच आहे.

हे सारे आपल्यापासून फार दूर आहे, असे मात्र नाही. लेदरबॅक कासवे भारतातही अंदमान व निकोबार बेटांवर अंडी घालतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची लहान समुद्रकासवे येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी २००२ सालापासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. तेथेही पूर्वी अंडी उकरून नेत असत. आता तेथील ‘कासव महोत्सव’ पाहण्यासाठी माणसे दूरवरून येतात, गावातील घरांत उतरतात, मोदक आणि सोलकढी यांचा आस्वाद घेतात, आणि पहाटे व सायंकाळी किनाऱ्यावर उभे राहून पिल्ले समुद्रात जाताना पाहतात. आपल्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला नमस्कार करणाऱ्या हातांनी जिवंत कासवाचेही रक्षण करावे, हे योग्यच आहे.

ग्रांद रिव्हिएरच्या किंवा वेळासच्या वाळूतून आज एखादे पिल्लू लाटेत शिरले आणि सुदैवाने जगले, तर कित्येक वर्षांनी प्रौढ मादी होऊन ते आपल्या जन्मभूमीच्या परिसरात अंडी घालण्यास परत येईल. तोपर्यंत आज बारा वर्षांची असलेली मुले कर्तीसवरती झालेली असतील. त्या रात्री ती वाळू स्वच्छ, अंधारी आणि निर्भय असेल की नाही, हे ठरविणे त्यांच्याच हाती असेल.

शब्दार्थ

पुळण : समुद्रकाठची वाळूची पट्टी
चर्मपृष्ठ : चामड्यासारखी पाठ असलेला
स्वच्छंद : मनास येईल तसा, मोकळा
ग्रंथी : शरीरातील द्रव पाझरविणारा अवयव
उपजीविका : पोट भरण्याचे साधन
स्तब्ध : हालचाल न करता, शांत

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) त्रिनिदादमध्ये भारतीय पदार्थांची नावे कशी रूढ झाली?
(आ) लेदरबॅक कासव इतर कासवांहून कोणत्या बाबतींत वेगळे आहे?
(इ) मादीच्या डोळ्यांतून पाणी का वाहते?

२. कारणे लिहा.
(अ) किनाऱ्यावर पांढऱ्या प्रकाशाचे दिवे नेण्यास मनाई असते.
(आ) कासव प्लॅस्टिकची पिशवी गिळते.
(इ) केवळ उपदेशाने मातुरा येथील शिकार थांबली नसती.

३. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
वाहून घेणे, मन वळविणे, चाहूल लागणे, कष्टांचे चीज होणे.

४. ‘मारलेल्या कासवाचे मांस एकदाच विकता येते, जिवंत कासव मात्र वर्षानुवर्षे गावाला अन्न देते.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा. अशी आणखी एखादी गोष्ट आपल्या परिसरात आहे काय, ते सांगा.

५. उपक्रम : आपल्या गावातील नदी, तळे किंवा समुद्रकिनारा येथे राहणाऱ्या अथवा ऋतूप्रमाणे येणाऱ्या एका प्राण्याचे किंवा पक्ष्याचे आठवडाभर निरीक्षण करा. त्याला त्रास न देता काय काय पाहता आले, ते वहीत लिहा.